धरणाची भिंत एकाची, पाणी दुसऱ्याचं, कचरा गावाचा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मी वसई तालुक्यातल्या भुईगावकडून आलो आहे. आमच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शहर. आमच्याकडे केळी, पानवेल, फुलं. तुमच्याकडे पावसाच्या भरवशावरचा कापूस आणि ज्वारी. समुद्राकाठचा माणूस कोरडवाहूवाल्यांना काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण शहर आमच्या दाराशी तुमच्या आधी आलं. ते कोणत्या क्रमाने येतं, तेवढं मी सांगू शकतो.

शहर आधी पाणी मागतं. मग पाण्याकाठी फिरायला येतं. आणि एक दिवस गावाला सांगतं, की हा काठ आता तुमचा नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात विहिरी आणि बावखलं यांवर बागायत उभी होती. १९८० नंतर इमारती वाढल्या आणि विहिरींचं पाणी टँकरने शहराकडे जाऊ लागलं. उपसा वाढला, विहिरी खारट होऊ लागल्या. लोक रस्त्यावर आले, हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो तुम्हाला ठाऊक असतील. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते.

मग शहराने लांबचं पाणी आणलं. सूर्या नदीवर धामणीचं धरण झालं ते आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनाचं नाव घेऊन. आज त्याच पाण्यावरची नवी योजना दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची आहे. त्यातले साडेअठरा कोटी लिटर वसई-विरारला, बाकीचे मीरा-भाईंदरला. पिण्याच्या पाण्याला कोणी नाही म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. पण ज्याच्या शेतासाठी धरण झालं त्याला विचारून हे झालं का?

आता फिरण्याचं बघा. विरारचं पापडखिंड धरण लहानसं, पण पिण्याच्या पाण्याचं. तिथे छटपूजेला मोठी गर्दी व्हायला लागली आणि पिण्याच्या पाण्यात पूजा करू द्यावी की नाही, यावरून वाद पेटला. पूजा करणारे चूक नव्हेत, पाणी जपा म्हणणारेही चूक नव्हेत. पण दोघांनी बसून आधीच नियम ठरवावेत अशी जागाच नसली, की दरवर्षी तोच तंटा आणि दरवर्षी तोच बंदोबस्त.

भावांनो, ही जागा का नसते? कारण धरणाला मालक फार. भिंत आणि साठा जलसंपदा विभागाचा. आरक्षित पाणी नगरपालिकेचं. झाडी वनखात्याची. रस्ता बांधकाम खात्याचा. सुटीच्या दिवशी मागे उरलेला कचरा मात्र ग्रामपंचायतीचा. आणि कोणी बुडालं तर पाण्यात उतरायचं गावातल्या पोरांनी.

हे वेगळं होऊ शकतं. साताऱ्याजवळचं कास पाहा. कास तलावाचं पाणी उताराने सातारा शहराला जातं, तलाव नगरपालिकेचा. शेजारचं फुलांचं पठार २०१२ साली जागतिक वारशात आलं आणि गाड्यांची रांग लागली. तिथे वनखात्याने आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या बरोबर घेतल्या. शुल्क घेणं, गाड्या लावणं, माणसांवर मर्यादा ठेवणं, वाट दाखवणं ही कामं गावची माणसं करतात आणि त्या पैशातून गावात रोजगार राहतो. शेजारच्या तलावाकाठी मात्र बाटल्या आणि प्लास्टिक उचलायला वेळोवेळी स्वच्छता मोहिमा काढाव्या लागल्या. पठारावर जे जमलं ते पाण्याकाठीही जमायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराचं बहुतेक पाणी दूरच्या डोंगराळ शेतीभागातून येतं. १९९७ साली शहर, राज्य सरकार आणि त्या भागातल्या गावांनी लेखी करार केला. शहराने जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडून, बाजारभावाने. शेणखत नीट साठवायला आणि ओढ्याकाठी कुंपण घालायला शेतकऱ्याला पैसा शहराने द्यायचा. तिथल्या तलावांत परवाना घेऊन मासे धरता येतात, वल्ह्याची नाव नेता येते. नाव आधी वाफेने धुवावी लागते. पोहायला मात्र बंदी. खेळ आहे, पण पाण्याच्या मागे.

आता तुमचं दार. महानचं काटेपूर्णा धरण अकोल्याला पाणी देतं, काठाला अभयारण्य आहे. पैठणचा नाथसागर छत्रपती संभाजीनगरला पाजतो. पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते, गुरं पाण्यावर उतरतात. टंचाई आली, पिण्यासाठी साठा राखून ठेवायचा ठरला, की आधी काठावरचे शेतीपंप बंद होतात. उद्या तिथे नौकाविहार आला आणि कुंपण पडलं, तर गाळपेर कुठे करणार? गुरं कुठून उतरणार?

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसरी आली. करमणुकीचा नंबर शेतीच्या वर कोणी धरलेला नाही. ते काठावरही दिसलं पाहिजे.

म्हणून माझं मागणं असं.

एक. धरणावर करमणुकीचं काहीही सुरू होण्याआधी नगरपालिका आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांची संयुक्त समिती व्हावी. स्थानिक संस्थांनी एकत्र समिती नेमण्याची सोय कायद्यात आहे. तिथे जलसंपदा आणि वनखात्यालाही बसवावं.

दोन. प्रवेश आणि वाहनतळ यांचा पैसा एका खात्यात जमा व्हावा. त्यातून आधी संडास, कचरा आणि जीवरक्षक. उरलेल्यात गावांचा वाटा लेखी.

तीन. गाळपेर आणि गुरांची वाट नकाशावर आधी आखावी, बोटीचा धक्का नंतर.

चार. साठा ठरलेल्या रेषेखाली गेला, की आधी बोटी बाहेर. पंपाचा विचार त्यानंतर.

काही जण म्हणतील, भानगड नको, सरळ बंदी घाला. बंदीचा फलक आपण पुष्कळ पाहिले; त्याच फलकाखाली लोक डबे उघडून बसतात. शिवाय काठावर कणीस भाजून विकणारी बाई आपल्याच गावची आहे. तिचा धंदा मोडून आपलं काय भलं होणार?

आणि हिशेब आपलाही. आपल्या गावाचं गटार धरणात जात असेल, फवारणीचे डबे आपण काठावर धूत असू, तर शहराच्या बाटल्यांवर बोलायला आपल्याला तोंड नाही. करारात शहर लिहील तसं गावानेही आपलं नाव लिहायचं.

येत्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. आपल्या धरणावर पर्यटनाचा प्रस्ताव आहे का? असला तर ग्रामपंचायतीला विचारलं होतं का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणा. कुंपणाचे खांब पुरले गेल्यावर बोलून उपयोग नसतो.