चामटोली : उल्हासकांठचें एक भातगांव

कल्याण स्थानक मागें टाकून गाडी कर्जतच्या दिशेनें निघाली म्हणजे प्रथम उल्हासनगर लागतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत येथें लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर त्याच छावण्यांत सिंधी निर्वासितांनीं संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस उल्हास नदीचें नांव मिळालें. पुढें अंबरनाथ, तेथें वालधुनीच्या तीरावर शिलाहारांच्या काळचें, १०६० सालचा शिलालेख असलेलें शिवालय आजहि उभें आहे. मग बदलापूर. इतक्या पल्ल्यांत खिडकीबाहेर मोकळी जागा अशी फारशी दिसतच नाहीं. बदलापूर सुटल्यावर मात्र इमारती विरळ होतात, उजव्या हातास चंदेरीचा सुळका वर येतो, डावीकडे झाडींतून उल्हास नदीची चाहूल लागते. आणि वांगणी येण्यापूर्वीं चामटोली हें गांव मागें पडतें. गाडी तेथें थांबत नाहीं.

एकदां मात्र ती थांबली. २७ जुलै २०१९ च्या पहाटे, मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस या गांवाजवळ पुराच्या पाण्यांत अडकली. गाडींत हजारांवर उतारू होते, त्यांत गरोदर स्त्रिया व लहान मुलें होतीं. आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदलाचीं पथकें आलीं, आणि आसपासच्या गांवांतील माणसेंहि मदतीस धावलीं. दुपारनंतर सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. वृत्तपत्रांतून दोन दिवस चामटोलीचें नांव छापून आलें, आणि मग शहर तें विसरून गेलें.

त्या दिवशीं शहरानें ज्या पाण्याकडे संकट म्हणून पाहिलें, त्याच पाण्याच्या आधारानें हीं नदीकांठचीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या जगत आलीं आहेत. येथें वर्षाकाठीं अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत.

भातशेतीचें वर्ष मात्र पावसाच्या कितीतरी आधीं, होळीच्या सुमारास सुरू होतें. रोपासाठीं राखलेल्या तुकड्यावर शेण, झाडाच्या डहाळ्या, पालापाचोळा आणि गवत असे थर पसरतात, वर बारीक माती लोटतात, आणि वारा पडलेला पाहून त्यास आंच देतात. यासच राब भाजणें म्हणतात. तणाचें बीं जळून जातें, राखेचें खत होतें, आणि पहिल्या सरींवर पेरलेलें बियाणें जोमानें उगवतें. कृषिपंडितांनीं या पद्धतीवर पुष्कळ टीका केली आहे, व ती अगदींच निराधार नाहीं. राबापायीं रानांतील झाडें बोडकीं होतात हें खरेंच. परंतु टीका करणाऱ्यास दर महिन्यास वेतन मिळतें. राब भाजणाऱ्यास वर्षांतून एकदांच पीक मिळतें, आणि रोप तणांत हरवलें तर त्या वर्षीं दुसरी संधि नाहीं.

मृगाच्या पावसावर पेरलेलें रोप तीन-चार आठवड्यांत लावण्याजोगें होतें. मग आवणी. चिखल केलेल्या खाचरांत बायका वांकून ओळीनें रोपें खोंचीत जातात, आणि खोंचतां खोंचतां मागें सरकतात. म्हणजे लावलेल्या रोपावर पाय पडत नाहीं. त्या दिवसांत भर दुपारीं गांवांत शिरणाऱ्यास दारांत म्हातारीं माणसें व पोरें तेवढीं भेटतात. बैलांच्या जागीं आतां पुष्कळ ठिकाणीं पॉवर टिलर आला आहे. बियाणेंहि बदललें, थोड्याच स्थानकांपलीकडे असलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रांतून निघालेलीं वाणें शेतकऱ्यांनीं आपलींशीं केलीं. आवणी मात्र बहुतांशीं अद्याप हातांनींच चालते.

या साऱ्या उद्योगांत पाहुण्याच्या नजरेंतून सुटणारी वस्तु म्हणजे खाचराचा बांध. मातीचा, हातभर उंच, पावसाळ्यांत गवतानें झांकलेला. जावा बेटांतील खेड्यांत हाच बांध डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेला आहे. तेथें ज्वालामुखींची राख मुरलेली माती आणि पाटांचें पाणी यांच्या बळावर वर्षांत दोन, कांहीं ठिकाणीं तीनहि पिकें निघतात. जुन्या काळीं जावाच्या बायका तळहातांत लपणाऱ्या लहानशा पात्यानें एकेक लोंबी खुडीत. मोठें हत्यार पाहून भाताची देवता देवी श्री भिऊन जाईल, अशी समजूत होती. उल्हासकांठीं विळ्यानें कापणी होते, आणि भाताचें पीक बहुधा एकच. त्यानंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा. भिवपुरीच्या वीजगृहांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें उल्हास नदी उन्हाळ्यांतहि वाहती असते. बदलापूरच्या बंधाऱ्यापाशीं तें पाणी उचललें जाऊन शहरांच्या नळांत जातें. कांठावरचीं पुष्कळ शेतें मात्र फाल्गुनांत भेगाळलेलीं दिसतात.

बांधाचें काम भात पिकविण्यापुरतें नाहीं. एका एकराच्या खाचरांत १५ सेंटिमीटर पाणी उभें राहिलें, तर तें सुमारें सहा लाख लिटर होतें. मुसळधार पावसांत हें पाणी कांहीं काळ शेतांत अडतें, थोडें मुरतें, आणि उरलेलें सावकाश नदीस मिळतें. असे शंभर एकर म्हणजे सहा कोटी लिटर. हें धरण कोणीं बांधलें नाहीं, त्याचा खर्च कोणत्याहि अंदाजपत्रकांत नाहीं, आणि त्याची डागडुजी दरवर्षीं फावड्यानें शेतकरी करतो. २६ जुलै २००५ च्या आणि २०१९ च्या पुरांपुढें एवढें पाणी म्हणजे समुद्रांतील ओंजळ, असें कोणी म्हणेल. तें मान्य करूनहि, ही ओंजळ अडविणारें दुसरें कोण आहे, हा प्रश्न राहतोच.

बदलापूर आतां वांगणीच्या दिशेनें वाढत आहे. जमिनीचा भाव भाताच्या भावानें ठरत नाहीं, इमारतींच्या भावानें ठरतो. आणि वर्षभराच्या कष्टानें घरापुरतें धान्य मिळविणाऱ्या कुटुंबानें शेत विकलें, तर त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण, दवाखाना, सारें रोख पैशाचें आहे. विकलेल्या खाचरांत प्रथम मातीचा भराव पडतो. महाराष्ट्रांत नदीकांठीं पूररेषा आंखतात. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची तांबडी. त्या रेषा नकाशावर असतात. भराव जमिनीवर असतो, आणि पाणी उतार पाहून चालतें.

भराव झालेल्या तुकड्याशेजारीं ज्याचें खाचर असतें, त्यास हें पहिल्याच पावसांत कळतें. पूर्वीं दोन शेतांत विभागलें जाणारें पाणी आतां त्याच्या एकट्याच्या शेतांत येतें. रोप बुडून कुजूं लागतें. मग तो इरलें किंवा प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन रात्रीं बांधावर येतो, विजेरीच्या उजेडांत पाणी कोठवर चढलें तें पाहतो, आणि फावड्यानें बांधास तोंड पाडून तें पाणी खालच्या शेतांत सोडून देतो. खालचा शेतकरीहि त्या वेळीं आपल्या बांधावर उभा असतो.