परिचारिकेचे शिक्षण आणि रंगमंच



परिचारिकेच्या शिक्षणात नाटकाचे काय काम, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी १९७८ साली परिचर्येच्या ज्ञानाचे चार प्रकार सांगितले : शास्त्रीय, सौंदर्यविषयक, नैतिक आणि वैयक्तिक. आपल्या परीक्षा बहुतांशी पहिल्याचीच दखल घेतात.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी, विद्यार्थ्याला रिकामे खाते समजून त्यात माहिती जमा करीत राहणाऱ्या अध्यापनावर कठोर टीका केली. (आपल्यातील व्यापारी बंधूंना ही बँकेची उपमा सहज पटावी!) त्यांचेच देशबांधव ऑगुस्तो बोआल यांनी या विचाराला रंगमंच दिला. त्यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये अन्यायाचा एक प्रसंग सादर होतो, तो पुन्हा सुरू झाला की प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून स्वतः पात्राच्या जागी उभा राहतो.

परिचर्येच्या वर्गात असा प्रसंग कोणता घ्यावा? समजा, औषधाची मात्रा दहापट लिहिली गेली आहे. विद्यार्थिनीला ते दिसते, पण ज्येष्ठ डॉक्टरांपुढे शब्द फुटत नाही. एक मैत्रीण उठून विनवते, दुसरी केसपेपरच पुढे धरते, तिसरी वॉर्डच्या सिस्टरना बोलावून आणते. मग चर्चा होते ती, मुलगी गप्प का राहते याची : पद, वय, स्त्रीत्व, नोकरीची भीती. मात्रेचे गणित पुस्तक शिकवते; तोंड उघडण्याचा सराव मात्र रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचण्यापूर्वीच व्हावयास हवा. त्यासाठी एक रिकामी खोली आणि चुकीला न हसणारी शिक्षिका एवढे पुरते.