दुधाचे विष का होते?

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मानवी यकृताचे एक गुंतागुंतीचे कार्य समजणे कठीण जाणार नाही. सातपुड्याचे पाझर भुयारी मार्गाने शहराला पोचविण्याची ही योजना १६१५ च्या सुमारास, मोगल अमदानीत साकार झाली. एका कुंडीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे पाणी सरकते. मध्येच भुयार बुजले, तर पुढे कोरड पडते आणि मागे पाणी तुंबते.

यकृतातील मार्गही असाच आहे. मात्र तो चक्राकार आहे. अन्नातील प्रथिनांचे विघटन होताना अमोनिया हे विष उत्पन्न होते. त्याचा निरुपद्रवी युरिया बनवून तो मूत्रावाटे बाहेर टाकावयाचा, हे या चक्राचे काम. १९३२ साली हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्झेलाइट यांनी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ते उलगडून दाखविले. त्याचे टप्पे निरनिराळे विकर पार पाडतात आणि प्रत्येक विकराची घडण एकेका जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणात एका अक्षराची चूक झाली तरी विकर निकामी होऊ शकतो आणि अमोनिया रक्तात साचून मेंदूपर्यंत पोचतो.

गर्भात असताना बालकाचा हा भार माता वाहते. म्हणून जन्मतः ते निरोगी दिसते. एकदोन दिवसांत मात्र ते दूध ओढीनासे होते, ओकते, धापा टाकते, गुंगीत जाते. लक्षणे जंतुसंसर्गासारखीच भासतात. अशा वेळी रक्तातील अमोनियाची तपासणी तातडीने झाली नाही, तर रोगाचे नावही न कळता बालक दगावते. मग दोष दिला जातो तो आईच्या दुधाला, नाहीतर तिच्या पायगुणाला!

वस्तुस्थिती वेगळी आहे. या रोगाच्या बहुतेक प्रकारांत सदोष जनुकाची एक प्रत आईकडून व एक बापाकडून आलेली असते. दोघेही स्वतः निरोगी असतात. परंतु प्रत्येक गर्भाला रोग होण्याचा संभव चारात एक असतो. मामे-आते भावंडांच्या विवाहात एकाच पूर्वजाची चूक दोन्ही बाजूंनी येण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल जेथे आहे, तेथे हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. ओटीसी या विकराचा दोष मात्र ‘एक्स’ गुणसूत्रावर असतो. माता वाहक असल्यास प्रत्येक मुलाला तो रोग होण्याचा संभव निम्मा असतो. पण जनुक कोणी निवडून घेत नाही. मग अपराध कोणाचा?

निदान वेळीच झाल्यास उपाय आहेत. मोजकी प्रथिने, अमोनिया घटविणारी औषधे, प्रसंगी रक्तशुद्धी आणि निवडक रुग्णांत यकृतारोपण हे ते उपाय होत. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणात या विकारांचा समावेश झाला असून, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. रुग्ण बालकाच्या जनुकातील चूक नक्की समजली, तर पुढील गर्भाची परीक्षाही करता येते.

म्हणून ज्या घरात अर्भके अकारण दगावली आहेत, तेथे सुनेची पत्रिका पाहण्याऐवजी वैद्यास घराण्याची हकीकत सांगावी. पुढचे बालक कदाचित तिनेच वाचेल.