पास्ता : आधी गहू, मग सॉस

(रिसोड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रिसोडात पास्ता? पण सध्या गच्च्यांवर काय वाळतंय ते बघा. शेवया, कुरडया, सरगुंडे. भिजवलेल्या पिठाची बारीक दोरी काडीभोवती गुंडाळायची, ओढून काढायची, वाळवायची; झाला सरगुंडा. पुढे तो आमरसासोबत पोटात जातो. दक्षिण इटलीतल्या बाया फुसिल्ली अशाच करत आल्या आहेत, फक्त काडीच्या जागी लोखंडी सळई. आपल्या रुखवतातली फणुली फणीवर दाबून करतात. तिकडे रोमान्या भागात गारगानेल्ली दातेरी फळीवर वळतात. म्हणजे हाताला काम नवं नाही. घोडं अडतं ते गव्हापाशी आणि सॉसपाशी.

आधी गहू. पोळीचा वेगळा, पास्त्याचा वेगळा. पास्त्याला ड्युरम लागतो, आणि आपला बन्सी हा ड्युरमच. काळ्या रानात, नुसत्या ओलीवर यायचा. दाणा कडक, काचेसारखा, पिवळसर झाक असलेला. जात्यात घातला की पिठाआधी रवा पडतो. त्याचं ग्लुटेन घट्ट असतं, पण लोकवनसारखं ताणलं जात नाही. म्हणून त्याचा पास्ता उकळत्या पाण्यात आकार धरून राहतो आणि मैद्याचा गिचका होतो. पाणी आलं, जास्त उतारा देणारे वाण आले, तांबेऱ्यानेही बन्सीला छळलं, आणि तो मागे पडला. तरी ड्युरम संपलेला नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘शरद’ ड्युरमच, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हाही ड्युरमच. या दुसऱ्यात प्रथिनं सुमारे १४.७ टक्के, आणि तो कोरडवाहूसाठीच काढलेला आहे. वाशीम जिल्ह्यात सोयाबीननंतर काय पेरायचं, याची चर्चा करणाऱ्यांनी हे कानावर असू द्यावं.

दुकानात पाकीट घेताना समोरचं चित्र बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. इटलीत १९६७च्या कायद्याने वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच करावा लागतो. आपल्याकडे मैद्याचाही चालतो. ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं १३ ग्रॅमच्या आसपास किंवा वर असली तर उत्तम. मग पास्त्याच्या अंगाकडे बघा. कांस्याच्या जाळीतून काढलेला पास्ता खडबडीत, पिठूळ दिसतो आणि सॉस धरून ठेवतो. टेफ्लॉनच्या जाळीतला गुळगुळीत, चकचकीत. त्याच्यावरून सॉस घसरतो. दिसायला देखणा तोच, म्हणून गिऱ्हाईक फसतं.

शिजवताना शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. पाण्यात तेल ओतू नका, आणि शिजल्यावर नळाखाली धुऊ तर मुळीच नका. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता काढून थेट सॉसच्या कढईत टाका, सोबत त्याचंच एक पळी पाणी. त्या पाण्यातल्या स्टार्चने तेल आणि टोमॅटो एकजीव होतात. घरच्या पास्त्यात चूक बहुधा इथेच होते. ताटात पास्ता आणि वरून सॉसचा डाव, हा वरणभाताचा हिशेब झाला.

टोमॅटोचा सॉस करायला वस्तू पाचच: टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ आणि बेसिल. कांदा-आल्याचं वाटण नको, हळद नको, केचप तर नकोच. नेपल्सच्या बाजूचा सान मार्झानो टोमॅटो लांबट, गराचा आणि कमी बियांचा. आपल्या बाजारात त्याच्या जवळ जाणारा म्हणजे अंडाकृती, पूर्ण पिकलेला. पसरट कढईत तेल कोमट असतानाच ठेचलेल्या दोन पाकळ्या टाका. लसूण सोनेरी झाली की काढून घ्या; करपली तर सगळं कडू. मग सोललेले टोमॅटो हाताने कुस्करून घाला. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी आटतं, कडेला तेल दिसू लागतं. तेलाच्या बाटलीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हवं. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल चोथ्यातून काढलेलं असतं.

बेसिलसाठी पुण्या-मुंबईला धावू नका. फालुद्यात ज्याचं बी पडतं तो सब्जा त्याच जातीचा. वास जेनोव्हाच्या बेसिलहून जरा उग्र, म्हणून पानं कमी घ्या आणि गॅस बंद केल्यावर तोडून टाका.

हॉटेलात मिळणारा ‘व्हाइट सॉस’ मैदा-दुधाचा. तो पास्त्यावर ओतायची चाल आपल्याकडची. रोममध्ये आल्फ्रेदो दि लेलिओ या हॉटेलवाल्याच्या नावाने गाजलेल्या फेतुचिनी पास्त्यात सुरुवातीला लोणी आणि चीजच होतं, क्रीम नव्हतं. कार्बोनारा पास्त्यातही क्रीम नसतं. त्याचा दाटपणा अंड्याचा.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगायचं राहिलं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तो त्या चीजचा नियमच आहे. हिरव्या ठिपक्याचं कडक चीज घ्या, किंवा चीज सोडूनच द्या. दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत चीज परवडत नसे, तेव्हा शिळ्या पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर टाकत. लसूण, तेल आणि लाल मिरचीच्या पास्त्यावर हा चुरा चीजपेक्षा सरस लागतो. घरात पाव नसेल तर कडक झालेल्या पोळीचा करून पाहा.