घरातील राउटर आणि नागरिकांची जबाबदारी



माहिती तंत्रज्ञानाचे शहर म्हणून बंगळुरूची ख्याती सर्वदूर आहे. तथापि, घरगुती इंटरनेटचा दरवाजा किती भक्कम आहे, हा प्रश्न जुलै २०१७ मध्ये याच परिसरात ऐरणीवर आला. बंगळुरू येथे मुख्यालय असलेल्या भारत संचार निगमच्या कर्नाटक परिमंडळात ग्राहकांचे ब्रॉडबँड मोडेम त्या महिन्याच्या अखेरीस एकाएकी बंद पडू लागले. ज्या मोडेमचा कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदललेला नव्हता, त्यांत मालवेअरने प्रवेश मिळवला होता. पासवर्ड बदलावा, असे आवाहन निगमला ग्राहकांना करावे लागले.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

घरोघरी वायफायला पासवर्ड असतो. परंतु राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो, याची अनेकांना कल्पना नसते. पहिला पासवर्ड जाळ्यात कोण येईल हे ठरवतो, तर दुसरा त्या जाळ्याचे नियम कोण बदलेल हे ठरवतो. दुसरी किल्ली परक्याच्या हाती पडली, तर बँकेच्या संकेतस्थळाऐवजी बनावट पानाकडे ग्राहकाला वळवणेही शक्य होते. २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने कारखान्यातील पासवर्डांची छोटीशी यादी वापरूनच जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या बळावर मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा खंडित केली. त्या उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

पहिली किल्लीही तितकीच महत्त्वाची आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठविण्यात आलेला ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरातील रहिवाशाला पोलीस चौकशीला सामोरे जावे लागले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सुरक्षित वायफायविषयी सूचना जारी केल्या. एका घरातील निष्काळजीपणा कसा सार्वजनिक प्रश्न बनतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

वेग आणि विलंब

सुरक्षिततेइतकीच तक्रार ऐकू येते ती ऑनलाइन खेळ अडखळण्याची. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग सेकंदाला २५६ किलोबिट होता. २०२३ मध्ये तो २ मेगाबिट करण्यात आला. प्रत्यक्षात मिळणारा वेग आज त्याहून कितीतरी अधिक असतो. तरीही खेळ का अडखळतो? खेळ चालू असताना होणारी माहितीची देवाणघेवाण अल्प असते. तिला वेगापेक्षा वेळेवर पोहोचणे आवश्यक असते. त्याच वेळी घरातील दुसरे कोणी छायाचित्रे किंवा चित्रफिती पाठवू लागले, की राउटरमध्ये रांग लागते आणि खेळाचा छोटासा संदेश त्या रांगेत अडकतो. अशा वेळी महागडी योजना घेण्यापूर्वी खेळाचे यंत्र केबलने जोडावे, मोठी डाउनलोड रात्री करावीत आणि राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी तपासावी. त्या यादीत कधीकधी अनोळखी नावही सापडते. म्हणजेच, मंद इंटरनेटची तक्रार आणि सुरक्षिततेचा प्रश्न एकाच पेटीपाशी येऊन मिळतात.

उपाय कोणाचा?

दोन्ही पासवर्ड बदलणे, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडणे, दुरून व्यवस्थापनाची सोय बंद ठेवणे आणि राउटरची प्रणाली अद्ययावत करणे ही कामे अर्ध्या तासात होतात. मालवेअरची शंका आल्यास २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी.

मात्र सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. लक्षावधी पेट्या एकाच पासवर्डसह विकल्या जात असतील, तर दोष केवळ तो न बदलणाऱ्याचा नसतो. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून अशा सामाईक पासवर्डांवर कायद्याने बंदी घातली. भारतातही दूरसंचार विभागाच्या बंगळुरूस्थित राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्राने वायफाय राउटरसाठी सुरक्षा निकष तयार केले आहेत. ज्या परिमंडळात मोडेम बंद पडले, त्याच्याच मुख्यालयाच्या शहरातून हे काम चालावे, ही आश्वासक बाब आहे.

निकषांची काटेकोर अंमलबजावणी हे शासनाचे काम, सुरक्षित उपकरण देणे हे उत्पादक व सेवादात्यांचे काम, आणि घरात आलेल्या पेटीची किल्ली बदलणे हे नागरिकाचे. या तिघांपैकी एकानेही हयगय केली, तर उरलेल्या दोघांचे श्रम वाया जातात.