छेद कुठे आहे?



जुलै 2022. लखनौमध्ये घरच्याच पिटबुलने 82 वर्षांच्या आजींचा जीव घेतला आणि ज्यांनी आयुष्यात कुत्रा पाळला नाही, त्यांच्याही तोंडी पिटबुलचं नाव आलं. पुढे 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं राज्यांना पत्र गेलं: पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू अशा 23 जातींची विक्री आणि पैदास थांबवा. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नव्हतं.

अशा याद्यांमागे आकडे असतात. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 1979 ते 1998 या काळातले, जात नोंदलेले 238 मृत्यू तपासले. निम्म्याहून अधिक प्रकरणांत पिटबुल किंवा रॉटवायलर होता. मग निकाल लागलाच की!

नाही लागला. शाळेतला अपूर्णांक आठवा. हल्ले हा झाला अंश, पण त्या जातीची एकूण कुत्री किती, हा छेद कुठे आहे? समजा, एका सोसायटीत तीस लॅब्रेडॉर आहेत आणि रॉटवायलर एकच. वर्षभरात तीन लॅब्रेडॉर चावले आणि तो एकटा रॉटवायलरही. नुसते चावे मोजले तर लॅब्रेडॉर तिप्पट वाईट. छेद धरला तर चित्र उलटं. अमेरिकेत जातवार कुत्र्यांची भरवशाची मोजदाद नव्हती, आणि या आकड्यांवरून जातीचा धोका ठरवता येत नाही, हे त्या अभ्यासकांनीच लिहून ठेवलं.

बरं, अंश तरी पक्का आहे का?

फ्लोरिडातल्या निवाऱ्यांमधली 120 कुत्री तिथल्याच 16 अनुभवी कर्मचाऱ्यांपुढे आणली गेली. रुंद डोकं, आखूड केस, भरदार छाती बघून त्यांच्यातल्या कुणा ना कुणाला 62 कुत्री पिटबुल वंशाची वाटली. डीएनए तपासणीत निघाली 25. रोज कुत्री हाताळणाऱ्यांची ही गत, तर घाबरलेल्या शेजाऱ्याने पोलिसांना सांगितलेली जात किती खरी धरायची?

म्हणून पिटबुल गरीब गाय ठरत नाही. ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर जखम खोलच होणार.

पण त्याच अमेरिकी अभ्यासात आणखी एक तक्ता आहे. कुत्रा कुठे होता, बांधलेला होता का, याची नोंद 227 मृत्यूंत मिळाली. मालकाच्याच आवारात मोकळा: 133. आवाराबाहेर मोकळा: 55. आवारात बांधलेला: 38. आणि आवाराबाहेर, पण पट्ट्याला धरलेला किंवा बांधलेला: 1.