पिशवी काढली, दुखणे राहिले

(भंडारा जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात, रोवणीचा हंगाम सुरू होण्याआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव आपण चारचौघींत घेत नाही. 'अंग निघते', 'खाली जड वाटते', 'खोकलले की लुगडे ओले होते', असे फार तर शेजारणीच्या कानात सांगतो. मागे पुरुषमंडळी बसली आहेत. त्यांनी उठून जाऊ नये अशी विनंती आहे. हे दुखणे त्यांच्याही घरातले आहे.

लाखांदूर तालुक्यातल्या एका मावशींची हकिकत सांगते. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या जागी इथल्या कितीतरी जणींचे नाव घालता येईल. वय बेचाळीस. चार बाळंतपणे झाली, आणि प्रत्येक वेळी महिनाही पुरा होण्याआधी बोरिंगवरून पाण्याचे गुंड आणणे सुरू झाले. पावसाळ्यात रोवणी. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बांधीच्या चिखलात कमरेतून वाकून धान लावायचे. पुढे अंग बाहेर येऊ लागले. पाच वर्षे त्यांनी कोणाला सांगितले नाही. शेवटी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेल्या. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला, पिशवी काढून टाका. दोन बकऱ्या विकल्या, बचत गटातून कर्ज काढले, ऑपरेशन झाले. पंचविसाव्या दिवशी मावशी पुन्हा रोवणीला गेल्या, कारण मजुरीचे दिवस तेवढेच असतात.

वर्षभराने त्यांनी मला विचारले, "ताई, पिशवी तं काढली, मंग आता हे का निघते? अन् लघवी पहिलेपेक्षा जास्त काहून गळते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, कायदे शिकले, योजना शिकले, गट बांधायला शिकले. पण बाईचे शरीर आतून कशाच्या आधाराने उभे असते, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मावशींना घेऊन एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. 'तुम्ही पाण्याचे गुंड कसे उचलता, उचलून दाखवा,' असे कोणीतरी त्यांना पहिल्यांदाच विचारले.

तिथे जे समजले ते आपल्या भाषेत सांगते. लेकराला निजवायला आपण झोळी बांधतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची तशीच एक झोळी असते, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ताणलेली. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय हे तिन्ही त्या झोळीवर टेकलेले असतात. लागोपाठची बाळंतपणे, लांबलेल्या कळा, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, यांनी झोळी सैल होते. पाळी गेल्यावर ती आणखी सैल पडते. मग वरचे सारे खाली उतरते. आता सांगा, झोळी फाटली म्हणून आतले लेकरू उचलून बाजूला ठेवले, तर झोळी शिवली जाते का? पिशवी काढल्यानेही झोळी आपोआप घट्ट होत नाही. मावशींचे तेच झाले.

मात्र स्नायू हा स्नायूच असतो. दंडाला व्यायाम दिला की बळ येते, तसे यालाही येते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्येच हा व्यायाम मांडला. 2014 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या 447 बायकांचा अभ्यास आला. अंग खाली येण्याचा त्रास असलेल्या ज्या बायकांना फिजिओथेरपिस्टने एकेकीला बसवून हा व्यायाम शिकवला, त्यांचा त्रास इतरांपेक्षा कमी झाला. खोकताना-शिंकताना लघवी गळण्यावर तर हाच पहिला उपाय मानला जातो.

व्यायाम असा. वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळून धरतो, तसे मागून पुढे आणि वर ओढायचे. पोट, मांड्या, कुल्ले ताठ करायचे नाहीत आणि श्वास कोंडायचा नाही. पाच मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा मोजेपर्यंत न्यायचे. प्रत्यक्ष लघवी करताना मधेच धार रोखून हा सराव करू नये. खोकला येणार असे वाटले, गुंड उचलायचा असला, की आधी आवळायचे आणि मग उचलायचे. फरक दिसायला निदान तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत 'काही होत नाही' म्हणून सोडू नका.

हा व्यायाम सगळ्यांवर रामबाण नाही, हेही सांगितले पाहिजे. अंग पूर्ण बाहेर आले असेल, त्यावर जखम झाली असेल, तर डॉक्टरांकडेच जावे लागते. ऑपरेशन नको असेल किंवा झेपत नसेल, तर आत बसवायची रिंग मिळते, तिच्याविषयी विचारा. काहींचे स्नायू सैल नसून उलट आखडलेले असतात, संबंधाच्या वेळी फार दुखते. त्यांना आवळण्याचा नव्हे, सैल सोडण्याचा व्यायाम लागतो. म्हणून एकदा तरी तपासून घ्यायचे. पाळी गेल्यावर रक्त गेले, लघवी अडली, तर व्यायाम करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. काही आजारांत पिशवी काढणे गरजेचेच असते, तिथे भिऊन मागे राहू नका.

बाकीच्या ऑपरेशनांचेही असेच आहे. टाके निघाले की बाई बरी झाली, असे आपण समजतो. खरे तर तेव्हा बरे होण्याचा दुसरा भाग सुरू होतो. सिझेरियन झालेल्या बाईने एकदम उठून बसू नये, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. पडल्या-पडल्या पावले वर-खाली हलवावीत, खोल श्वास घ्यावेत आणि डॉक्टर सांगतील तितक्या लवकर चालू लागावे, म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर खांद्याचा व्यायाम केला नाही, तर हात वर जात नाही. बांधावरून घसरून मनगट मोडले, प्लास्टर घातले, तर बोटे आणि खांदा हलवत राहावे लागते, नाहीतर हाड जुळते आणि हात आखडतो. धान कापणाऱ्या बाईचा हात आखडला म्हणजे तिची मजुरी गेली.

मग हे आपल्यापर्यंत का पोचत नाही? आपल्या लाखांदूर तालुक्याला लागूनच असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली होती. 1989 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणी सोसत होत्या. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले. खाडा पडू नये म्हणून पिशवीच काढायची! डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये राज्यांना अनावश्यक ऑपरेशने रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. हे सारे झाले, तरी व्यायाम शिकवायला गावात कोणी येत नाही. ऑपरेशन एका दिवसात होते आणि त्याचे बिल होते. तीन महिने बाईजवळ बसून शिकवण्याचे बिल कोण देणार? शिवाय लाखांदूरहून भंडाऱ्याला जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी, दोन्ही गेले.

म्हणून मागण्या करू या. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसला पाहिजे. आशाताईंना आणि परिचारिकांना हा व्यायाम शिकवला पाहिजे, म्हणजे बाळंतिणीला तो घरीच मिळेल. पिशवी काढायला सांगितली, तर आपण तीन प्रश्न विचारू. का काढायची? दुसरा उपाय आहे का? नंतर किती दिवस ओझे उचलायचे नाही? आणि घरातल्यांना एक सांगू. बाळंतपणानंतर आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे गुंड दुसऱ्याने आणायचा. त्या 'दुसऱ्या'त नवराही येतो.

मावशी पूर्ण बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. जडपणा थोडा राहिला आहे. पण चार महिने नेमाने व्यायाम केल्यावर लघवी गळणे पुष्कळ कमी झाले. मागच्या उन्हाळ्यात त्या भाचीच्या लग्नाला एस.टी.ने नागपूरला जाऊन आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच. यंदा त्या रोवणीला जाणार आहेत, पण सोबतच्या बायांना सांगून ठेवले आहे, पेंढ्यांचे ओझे मी उचलणार नाही. बायांनी ते मान्य केले आहे.

आता घरी जाण्यापूर्वी सगळ्याजणी ताठ बसा. डोळे मिटा. मागून पुढे आणि वर ओढा, मी पाच मोजते. कोणाला काही दिसत नाही, लाजायचे कारण नाही. मागे बसलेल्या भाऊंनीही करायला हरकत नाही. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही हाच व्यायाम सांगतात.

एक... दोन... तीन...